२१४७४८३६४७ : सगळ्या गिऱ्हाइकांचा एकच मोबाईल नंबर?

चाटीगल्लीकर

नमस्कार मंडळी. काकांचं चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान आहे. बिलाचा प्रोग्राम ओळखीतल्या एका पोराकडून करून घेतलेला. संक्रांतीच्या आधी जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकावा म्हणून यादी काढली. नाव वेगळं, गाव वेगळं, उधारी वेगळी, आणि मोबाईल नंबर सगळ्यांचा एकच : २१४७४८३६४७. अक्कलकोटच्या शेटजींचा तोच, विजापूरच्या बाईंचा तोच, काकांच्या सख्ख्या साडूचाही तोच. दोनने सुरू होणारा मोबाईल नंबर कुणी बघितलाय का? काका म्हणूलालेत, कुणीतरी मुद्दाम केलंय.

नेटवर हा आकडा टाकला तर लोक "ही मूळ संख्या आहे" म्हणूलालेत. काय भानगड आहे ही?

जुळेसोलापूर

भानगड साधी आहे. नंबरच्या रकान्याला ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायचं एक घर) पूर्णांकाचा प्रकार दिलाय. त्यातला एक बिट अधिक-उण्याच्या खुणेत जातो, उरले ३१. त्यांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजेच २,१४,७४,८३,६४७. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होतात, म्हणजे सहाशे कोटींच्या पुढचे. हा आकडा दोनशे चौदा कोटींवरच थांबतो. काही डेटाबेस अशा वेळी तक्रार करत नाहीत, मावेल तेवढा कमाल आकडा लिहून मोकळे होतात.

खरे नंबर त्यातून परत मिळणार नाहीत. बिलबुकाच्या कार्बन कॉप्या असतील तर त्यांवरून भरा, आणि रकाना मजकुराचा करा. फोन नंबरची बेरीज-वजाबाकी कोण करतंय?

उत्तर_कसबा

साडूचा नंबर हरवला म्हणून काका एवढे का चिडलेत बे? आनंदाची गोष्ट आहे की.

निवृत्त_मास्तर

प्रोग्रामचं निदान झालं. पण धागाकर्त्याने जे ओझरतं विचारलंय त्यावर कुणीच बोललं नाही. २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे आज कुठलंही यंत्र सांगेल. हे १७७२ साली सिद्ध झालं तेव्हा यंत्र नव्हतं, आणि सिद्ध करणाऱ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. लेओनार्ड ऑयलर, मुक्काम सेंट पीटर्सबर्ग.

१ आणि स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही हे दाखवायचं, तर वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, एवढं आठवीच्या पोरालाही ठाऊक असतं. इथे वर्गमूळ ४६,३४० आणि वर थोडं. तिथपर्यंत मूळ संख्या आहेत सुमारे ४,८००. म्हणजे दहा आकडी संख्येला ४,८०० लांब भागाकार, आणि एक जरी चुकला तरी सगळं मुसळ केरात. ऑयलरने भागाकार केले त्याच्या साठाव्या हिश्शाइतकेच. बाकीचे का करायला नकोत हे त्याने आधीच दाखवलं. कसं ते जेवण झाल्यावर लिहितो.

बोरामणीचा_बाळ

मास्तर, एक शंका. संगणकाची मर्यादा आहे म्हणून ती मूळ संख्या आहे का? म्हणजे कंपन्यांनी मुद्दाम तशी निवडली का?

जुळेसोलापूर

नाही. मर्यादा बिटांवर ठरते. ८ बिटांत कमाल १२७, ती मूळ आहे. १६ बिटांत ३२,७६७, ती नाही : ७ × ३१ × १५१. ३२ बिटांत आपली ही. ६४ बिटांत २^६३−१ (म्हणजे २ चा ६३ वा घात वजा १), तिला तर ७ ने सरळ भाग जातो. निव्वळ योगायोग.

निवृत्त_मास्तर

योगायोग म्हणा, पण त्यालाही नियम आहे. वरचे घात बघा : ७, १५, ३१, ६३. त्यांत ७ आणि ३१ मूळ, १५ आणि ६३ संयुक्त. घात संयुक्त असला की संख्या संयुक्त होणारच. १५ = ३ × ५, म्हणून २^१५−१ ला २^३−१ म्हणजे ७ ने आणि २^५−१ म्हणजे ३१ ने भाग जातो.

उलटं मात्र खरं नाही. घात मूळ असला म्हणून संख्या मूळ असेलच असं नाही. २^११−१ = २०४७ = २३ × ८९. २^२३−१ ला ४७ ने भाग जातो. आणि आपल्या ३१ च्या शेजारचा २९ घ्या : २^२९−१ = ५३,६८,७०,९११ = २३३ × ११०३ × २०८९. या जातीतल्या ज्या संख्या मूळ निघतात त्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मारँ मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये अशा घातांची यादी छापली होती. तीत ३१ होता, पण पुराव्याशिवाय. त्याच यादीतला ६७ पुढे खोटा ठरला.

आता ऑयलरची चाळणी. समजा मूळ संख्या 'प' ने २^३१−१ ला पूर्ण भाग जातो. मग २ च्या घातांना प ने भागत गेलो, की ३१ व्या घाताला बाकी १ येते. या बाक्या गोल फिरतात, एकदा १ आली की तोच क्रम पुन्हा सुरू. म्हणजे फेऱ्याची लांबी ३१ ला भागणारी हवी. ३१ मूळ, तेव्हा लांबी १ किंवा ३१. लांबी १ असेल तर २ ला प ने भागून बाकी १ यायला हवी, ते अशक्य. म्हणून बरोबर ३१.

फर्माचा नियम सांगतो की (प−१) व्या घातालाही बाकी १ च येते. म्हणून (प−१) ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम, तेव्हा २ नेही. म्हणजे प = ६२क + १ (क कुठलीही पूर्ण संख्या). या एका वाक्यात ३, ५, ७, ११, १३ सगळे बाद. वरच्या उदाहरणांवर ताडून बघा : २३ = २×११ + १, ४७ = २×२३ + १, २३३ = ८×२९ + १.

दुसरी चाळणी याहून सुंदर आहे. २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग! म्हणजे कुठल्यातरी वर्गाला प ने भागल्यावर बाकी २ उरते. ज्या विषम मूळ संख्यांना ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते, त्यांच्याच बाबतीत हे घडू शकतं. दोन्ही अटी एकत्र केल्या की प फक्त दोन रूपांत सापडतो : २४८क + १ किंवा २४८क + ६३.

४६,३४० पर्यंत अशा संख्या किती? पहिल्या रूपाच्या १८६, दुसऱ्याच्या ६३ धरून १८७. ६३ मूळ नाहीच. उरल्या ३७२, आणि त्यांतल्याही बहुतेक संयुक्त. सगळ्या गाळून साधारण ऐंशी उरतात.

चाटीगल्लीकर

मास्तर, दुकानात बसून वाचूलालो. दोन गिऱ्हाइकं टॉवेलचा भाव विचारून निघून गेली. पण ऐंशी भागाकारसुद्धा हाताने?

निवृत्त_मास्तर

सुरुवात करून दाखवतो. २४९ = ३ × ८३, बाद. मग ३११, ही मूळ आहे.
३११ × ६९,०५,०९२ = २,१४,७४,८३,६१२. बाकी ३५.
४९७ ला ७ ने भाग जातो, ५५९ ला १३ ने, ७४५ ला ५ ने, ८०७ आणि ९९३ ला ३ ने. १०५५ ला ५ ने. १२४१ = १७ × ७३. पुढची मूळ १३०३.
१३०३ × १६,४८,१०७ केलं की बाकी २२६.
१४८९ × १४,४२,२३२ केलं की बाकी १९९.
हे असंच ४६,३४० पर्यंत. एका पावसाळी रविवारचं काम आहे.

खमंग_चटणी

सगळं छान आहे हो, पण उपयोग काय? ही संख्या मूळ आहे म्हणून कुणाच्या मागावर दोन मीटर कापड जास्त निघालं का? यंत्रमाग बंद पडूलालेत इकडं.

शून्यलब्धी

चटणीदादा, तुमच्या आधी दोनशे वर्षं हेच एका इंग्रज गणित्याने लिहून ठेवलंय. पीटर बार्लो, १८११. या मूळ संख्येवरून युक्लिडच्या रीतीने एक परिपूर्ण संख्या तयार होते, २^३० × (२^३१−१). परिपूर्ण म्हणजे जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते, जशी ६ = १ + २ + ३. बार्लोचं म्हणणं असं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणारच नाही, कारण या गोष्टी नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग शून्य, तेव्हा पुढचीच्या मागे लागणार कोण?

लागले लोक. १८७६ मध्ये एदुआर लुकासने २^१२७−१ मूळ असल्याचं दाखवलं, ३९ आकडी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ल्यूक ड्युरांटने शोधलेली २^१३६२७९८४१−१ तर ४,१०,२४,३२० आकडी आहे. एका सेंटिमीटरात चार आकडे बसवून सरळ रेषेत लिहायला बसलात, तर सोलापुरातून निघून पंढरपूर कधीच मागे पडेल.

आता उपयोग. मी एम.एस्सी. करते, आमच्या अभ्यासात हीच संख्या 'यादृच्छिक', म्हणजे फासा टाकल्यासारखे, आकडे तयार करण्यासाठी येते. रीत अशी : एक संख्या घ्या, १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. १ पासून सुरू केलं तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये किमान दर्जा म्हणून हीच रीत सुचवली. १६८०७ म्हणजे ७^५. यातून १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच येते, एकही चुकत नाही, मगच फेरा पुरा होतो. भागणारी संख्या मूळ नसती तर असा भरगच्च फेरा मिळाला नसता.

खमंग_चटणी

म्हणजे मोबाईलवरच्या ल्युडोत माझा फासा पडत नाही त्याला हीच बया जबाबदार?

शून्यलब्धी

असेलही! हल्ली याहून चांगल्या रीती वापरतात. ही जुनी, पण शिकायला फार चांगली.

निवृत्त_मास्तर

ताई, ७ बद्दल थोडं सविस्तर लिहा ना. इथेच लोक गुंडाळतात.

शून्यलब्धी

लिहिते. आपली संख्या 'म' म्हणूया. ७ चे घात म ने भागत गेलो, तर फेरा पूर्ण म−१ लांबीचा आहे का, एवढाच प्रश्न. आधी म−१ चे अवयव पाडायचे. एरवी दहा आकडी संख्येचे अवयव म्हणजे डोकेदुखी, पण इथे आयते मिळतात :

म−१ = २^३१−२ = २ × (२^३०−१) = २ × (२^१५−१) × (२^१५+१) = २ × ३२७६७ × ३२७६९

३२७६७ = ७ × ३१ × १५१ हे वर जुळेसोलापूर यांनी दिलंच आहे. ३२७६९ = ९ × ११ × ३३१. एकूण म−१ = २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. गुणून बघा, २१४७४८३६४६ येईल.

फेरा अपुरा असेल, तर यांतल्या कुठल्यातरी एका मूळ अवयवाने म−१ ला भागून आलेल्या घाताला बाकी १ येईल. अवयव वेगवेगळे सातच, म्हणून सात तपासण्या. एकीतही १ येत नाही. २ ची तपासणी तर गुणाकार न करताही होते : म आणि ७ दोन्हींना ४ ने भागून बाकी ३, म ला ७ ने भागून बाकी १, आणि वर्ग-बाक्यांच्या अदलाबदलीचा नियम सांगतो की ७ ही म साठी वर्गाची बाकी होऊच शकत नाही, म्हणजे कुठल्याच वर्गाला म ने भागून बाकी ७ येत नाही. तशी येत असती तरच ७ च्या (म−१)/२ व्या घाताला बाकी १ आली असती. ५ हा म−१ चा अवयव नाही, म्हणून ७^५ चा फेराही तेवढाच भरगच्च.

गंमत म्हणजे या सात तपासण्या हाच म मूळ असल्याचा दुसरा पुरावाही आहे. म संयुक्त असती तर एवढा लांब फेरा कुणाचाच झाला नसता. ३११ ने भागायलाच नको.

बोरामणीचा_बाळ

पण दर वेळी दहा आकडी संख्येने भागायचं म्हणजे संगणक पण दमेल ना?

जुळेसोलापूर

नाही दमत, आणि ते या संख्येच्या रूपामुळेच. २^३१ ची बाकी १ आहे ना, मग २^३१ चे जेवढे गठ्ठे निघतील तेवढे एकेक म्हणून उरलेल्यात मिळवायचे. ९ ने भाग जातो का बघायला आपण अंकांची बेरीज करतो, तेच तंत्र. ताईंचंच उदाहरण : २८२४७५२४९ × १६८०७ = ४७४७५६१५०९९४३. यात २१४७४८३६४८ चे गठ्ठे २२१०, उरले १६२२६४७८६३. दोन्हींची बेरीज १६२२६५००७३. झाली बाकी. यंत्राला गठ्ठे काढणं म्हणजे नुसतं बिट सरकवणं, भागाकार नाहीच.

पूर्वभाग_७७

बँकेचे व्यवहार याच मूळ संख्यांवर सुरक्षित असतात असं ऐकलंय. हीच वापरतात का?

जुळेसोलापूर

हीच वापरली तर दिवाळं निघेल. तिथे गुपित म्हणून दोन मूळ संख्या लागतात, प्रत्येकी तीनशेच्या वर आकडी, आणि त्या कुणालाच माहीत नसाव्या लागतात. मर्सेन मूळ संख्या जगजाहीर आहेत, आजवर सापडलेल्या साठसुद्धा नाहीत. मात्र जिथे संख्या गुप्त ठेवायची नसते, तिथे त्यांचं हे गठ्ठ्याचं तंत्र कामाला येतं. २^५२१−१ वर आधारलेली एक सांकेतिक पद्धत वापरात आहे.

आणखी एक. बऱ्याच यंत्रांचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. ३२ बिटांत मोजणाऱ्यांचे सेकंद १९ जानेवारी २०३८ ला संपतात, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, मंगळवार. शेवटचा सेकंद म्हणजे हाच काकांचा आकडा.

उत्तर_कसबा

म्हणजे होम मैदानावर सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा चालू असणार. पाळणावाल्याचं घड्याळ कुठलं आहे ते आधी बघून ठेवायला पाहिजे.

देवळालीप्रेमी

मराठी धाग्यावर संख्यांची चर्चा आणि द. रा. कापरेकरांचा ६१७४ नाही? (सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजा करत राहा, शेवटी ६१७४ च येते.) निषेध.

निवृत्त_मास्तर

निषेध मान्य. पण ६१७४ = २ × ३² × ७³, मूळपणाशी तिचं काही देणंघेणं नाही. कापरेकरांचा जीव अंकांच्या मांडणीत, आणि मांडणी दशमान पद्धतीवर अवलंबून. पाया बदलला की ६१७४ ची जादू जाते. २१४७४८३६४७ कशीही लिहा, मूळच राहते. दोघींची तुलना करू नये, कापरेकरांचा वेगळा धागा काढा, मी येतो.

बोरामणीचा_बाळ

वर ताईंनी सांगितलेली परिपूर्ण संख्या काढली : २३०५८४३००८१३९९५२१२८. आणि सहज म्हणून २^६१−१ काढली : २३०५८४३००९२१३६९३९५१. पहिले नऊ आकडे सारखेच! असं कसं?

शून्यलब्धी

वा, बारकाईने बघितलंस. २^३० × (२^३१−१) म्हणजे २^६१ − २^३०. २^६१ एकोणीस आकडी, त्यातून वजा होणारा २^३० दहा आकडी. डावीकडच्या आकड्यांना धक्का लागणार कसा? आणि २^६१−१ स्वतः मूळ आहे. १८८३ मध्ये इवान पेरवुशिन नावाच्या रशियन खेड्यातल्या पाद्रीने दाखवलं. मर्सेनच्या यादीत ६१ नव्हताच.

चाटीगल्लीकर

तिथे पण ऑयलरची चाळणी चालेल का?

शून्यलब्धी

चालेल, पण पुरणार नाही. विभाजक ४८८क + १ किंवा ४८८क + ३६७ या रूपाचे, वर्गमूळ दीडशे कोटींच्या वर. म्हणजे तपासायच्या संख्या बासष्ट लाखांहून जास्त. इथे लुकासची रीत हवी, पुढे लेमरने सोपी केलेली. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, २^प−१ ने भागून बाकी ठेवा (इथे प म्हणजे घात, मास्तरांचा विभाजक नव्हे). असे प−२ फेरे. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर संयुक्त. ३१ वर बघा, म्हणजे घात ५, फेरे ३ : ४ पासून १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. मूळ. २^३१−१ ला २९ फेरे, २^६१−१ ला ५९. ल्यूक ड्युरांटच्या चार कोटी आकड्यांवरही शेवटची मोहोर याच रीतीची.

जुळेसोलापूर

दोन्ही चालवून बघितलं. बासष्ट लाख भागाकार : एकातही बाकी शून्य नाही. लुकासचे ५९ फेरे : शेवटी शून्य. दोन्हींना मिळून चहा ओतायलाही वेळ मिळाला नाही.

निवृत्त_मास्तर

फेऱ्यांतले आकडे टाका इथे, निदान सुरुवातीचे. मला वहीत पडताळायचेत.

जुळेसोलापूर

४
१४
१९४
३७६३४
१४१६३१७९५४
२००५९५६५४६८२२७४६११४

इथवर भागायची गरज पडत नाही मास्तर, शेवटचा आकडाही २^६१−१ पेक्षा लहानच आहे. पुढच्या फेऱ्यापासून गठ्ठे काढावे लागतील, आणि त्याचा वर्ग ३७ आकडी येतो. वही आडवी धरा.